उंबऱ्याबाहेरची चप्पल

"कापसावर कुंकू कोणं सांडवलं वं?"

सासूबाईचा आवाज ऐकून मी चुलीपासून उठून आली. बुढी बैठकीच्या दारात उभी होती अन् भिंतीले लावलेल्या कापसाच्या गंजीकडे बोट दाखवून राह्यली होती. पांढऱ्या कापसावर लाल ठिपके. वर चढत गेलेले, मग खाली उतरत आलेले. आदल्या संध्याकाळी शेवटच्या वेचणीचा कापूस घरी आला, जागा होईना, म्हणून मीच गंजीवर चढून पायानं तुडवला होता. मी म्हटलं, "आत्याबाई, कुंकू इकडे कोण आणते? करंडा तर देवापाशी आहे."

माझी पोरगी ज्योती यवतमाळले डी.एड. करत होती, दोन दिवस घरी आलती. तिनं जमिनीकडे पाहिलं अन् तिचा चेहराच उतरला. "आई, तू चुलीपासून इथपर्यंत आली न, तितके डाग आहेत. हे तुह्या पायातून येऊन राह्यलं."

पाय उलटून पाहिला तर डाव्या तळव्यात तुरीचं धसकट. तूर कापल्यावर वावरात जो टोकदार खुंट उरते न, तोच मोडून आत बसला होता. कधी घुसला, कुठं घुसला, मले काही पत्ता नाही. ज्योतीनं डोळे मिटून ओढून काढला, तरी मले काहीच लागलं नाही. उलट मी हसली. म्हटलं, पाहा, कशी घट्ट बाई आहे मी.

हसायचं कारण होतं. त्या वर्षी कापसाले भाव नव्हता, खरेदी धड सुरू झाली नव्हती, अन् झाली तरी गाड्यांची रांग हलत नव्हती. एरवी संक्रांतीपर्यंत बैठक रिकामी होऊन जाते. त्या वर्षी होळीचे दिवस आले तरी कापूस घरातच. जुन्या कापसाची खाज ज्याले माहीत आहे त्याले माहीत आहे. ज्योतीचे बाबा रात्रंदिवस पाय खाजवत. बुढी खाजवे, पाहुणा आला तर तोही खाजवे. फक्त माझ्या पायाले काही होत नव्हतं. बुढी सगळ्यांले सांगे, "माह्या सुनेच्या पायावर देवाचा हात आहे." मलेही ते खरंच वाटे. पाय कधीचे मरून राह्यले होते अन् आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

*

आठ-दहा दिवस हळद भरली. मग पाय सुजला, अंगठा काळा पडला, अन् घरात वास येऊ लागला. बुढीले वाटलं उंदीर मेला. तिनं कोठीमागं सगळं शोधलं.

घाटंजीच्या डॉक्टरनं पट्टी सोडली अन् ज्योतीच्या बाबाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. मले तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट आहे. बोटातून रक्त काढलं. म्हणे, "शुगर आहे, बाई. आजची नाही, किती वर्षांची असंल कोण जाणे." मी म्हटलं, मी तर गोड खातच नाही. चहातही साखर कमीच असते. आता आठवलं की हसू येते, पण तेव्हा मी भांडत होती. आमच्याकडे शुगर हा बसून खाणाऱ्याचा रोग. मी कुठं बसून खाल्लं?

तिथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात. डाव्या पायाचा पुढचा अर्धा भाग काढला. कागदावर सही ज्योतीच्या बाबानं केली अन् बाहेर जाऊन बसले ते संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत.

वॉर्डाचं काय सांगू? सकाळी झाडू, मग फिनाइल, मग सिस्टरची गाडी. त्या गाडीच्या चाकाचा आवाज आला की अख्खा वॉर्ड गप्प होऊन जाये, कारण त्याच्यामागं ड्रेसिंग असे. बाकीच्या बाया ओरडत. मी ओरडत नव्हती, माझ्या पायाले समजतच नव्हतं. शेजारच्या खाटेवरची मुकुटबनची बाई मले म्हणे, "तुह्यं बरं आहे माय, तुले दुखत नाही." मी तोंड फिरवून घेतलं. मले तिच्या ओरडण्याचा हेवा वाटत होता. असाही हेवा माणसाले वाटते, हे मले आधी माहीत नव्हतं.

चांगलंही होतं थोडंफार. वॉर्डातली आया माझे केस विंचरून देई, न सांगता. ज्योती खाटेखाली चादर टाकून झोपे. तिची परीक्षा तोंडावर होती. मी म्हटलं जा, तर म्हणे, "तू काय मले घालवून राह्यली? मी इथंच अभ्यास करतो." पुस्तक उघडून बसे अन् पान काही उलटत नसे.

*

आता गोष्ट एकाच पायाची होती. डावा अर्धा गेला तरी टाच टेकवून चालता येत होतं. पण सगळा भार उजव्यावर. उजवाही तसाच बहिरा. तो गेला की मी बसल्या जागची. आमच्या घरात बसल्या जागचं माणूस म्हणजे काय, ते मी पाहिलं होतं. माझा सासरा पडून होता तेव्हा त्याले उचलणारी मी होती. मले उचलणारं कोण होतं? बुढी? का ज्योती, जिचं लग्न व्हायचं होतं?

यवतमाळच्या डॉक्टरनं नागपूरले पाठवलं. तिथं शुगरवाल्यांच्या पायाचा वेगळा विभाग होता अन् एक डॉक्टरबाई होत्या, वयानं लहान, बोलायले कडक. त्यांनी मले टेबलावर झोपवलं. म्हणाल्या, "डोळे मिटा. मी तळपायाला एक दोरा टोचणार आहे, जाड नायलॉनचा. लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. वाट पाहत राह्यली. पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं. किती वेळ झाला तरी काही नाही. शेवटी मीच म्हटलं, "बाई, सुरू करा न. आमची गाडी निघून जाईन."

त्या म्हणाल्या, "झालं, काकू. दोन्ही पायांना सगळीकडे टोचून झालं."

ज्योती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी समजून गेली.

मग यंत्र. जमिनीवर एक लांब, सपाट पट्टी अंथरलेली, तिले तारा, तारा कॉम्प्युटरले. तिच्यावरून अनवाणी चालायचं. मी पदर सारखा केला अन् फोटो काढायले जावं तशी हळूहळू चालली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं नाही. घरी चालता तसं चाला." घरी तर मी धावतच असते. तशी चालली. परत चालली. मग त्यांनी मले कॉम्प्युटरसमोर बसवलं.

पडद्यावर माझाच पाय होता, पण रंगाचा. कडेनं निळा, मधात हिरवा, मग पिवळा. अन् उजव्या अंगठ्याच्या मागं, जिथं तळव्याचा उंचवटा असते, तिथं लालभडक. मले आधी ते कुंकूच आठवलं.

"हे लाल म्हणजे काय, बाई?"

"तिथं तुमचा सगळा भार पडतोय. प्रत्येक पावलाला तिथलं मांस हाडाखाली चेंगरतंय. आमचं-तुमचं कोणाचंही पाऊल असंच पडतं, पण आम्हाला दुखतं, म्हणून आम्ही नकळत पाय बदलतो, थोडं लंगडतो, बसतो. तुम्हाला दुखत नाही. तुम्ही त्याच जागेवर चालतच राहता. आधी घट्टा पडेल, मग घट्ट्याखाली फोड येईल, मग आत पू."

मी विचारलं, "थांबवता येते का हे?"

"येतं. म्हणून तर मोजलं."

त्या लाल जागेच्या मापानं त्यांनी चप्पल बनवून दिली. तळ जाड, वर मऊ थर, अन् लाल जागेखाली तेवढंच खोलगट करून भार बाकी तळव्यावर वाटून दिलेला. डाव्या अर्ध्या पायासाठी पुढं भरीव ठोकळा. मागून पट्टा. ती घालून, आत तारांची पातळ पट्टी सरकवून परत चालवलं, अन् पडद्यावरची लाल जागा पिवळी झाली. मी हात जोडले. खरंच जोडले, कोणाले दाखवायले नाही.

डॉक्टरबाईनं बजावलं, "ही पायातून काढायची नाही. झोपताना अन् आंघोळीला सोडून. घरातसुद्धा."

मी म्हटलं, "हो." ज्योतीचे बाबाही म्हणाले, "हो." ज्योतीही.

*

घरी आली अन् उंबऱ्याशी चप्पल काढली.

कोणी सांगितलं नाही मले. बुढीनं तोंडातून शब्द काढला नाही. हात आपोआप पट्ट्यावर गेला अन् चप्पल निघाली. समोर बैठकीत छताले टेकलेला कापूस होता. आमच्याकडे कापूस घरात असतो तोवर ती निव्वळ जागा राहत नाही, लक्ष्मी बसलेली असते. पहिल्या वेचणीच्या आधी वावरात सीतादहीची पूजा होते, दहीभात शिंपडतात, तेव्हापासून तो कापूस घरातून जाईपर्यंत त्याच्यापाशी चप्पल कोणी नेत नाही. जावई आला तरी बाहेर काढते. अन् बैठक ओलांडल्याशिवाय आमच्या घरात चुलीपाशी जाता येत नाही, मोरीपाशी नाही, मागच्या अंगणात नाही. मग मी चप्पल घालणार कुठं?

मी ती बाहेर जायसाठी ठेवली. घाटंजीच्या बाजारात घालून गेली. फुलसावंगीले नणंदेकडे बारसं होतं, तिथं घालून गेली, सगळ्यांले दाखवली, "मशीननं मोजून बनवली" म्हणून. परत आली की फडक्यानं पुसून उंबऱ्याबाहेर कोपऱ्यात उभी करून ठेवायची. इतक्या जपून ठेवलेल्या चपलेले काय होणार?

पाय रोज सकाळी पाहायची, आरसा खाली ठेवून, डॉक्टरबाईनं सांगितलं तसंच. घट्टा दिसला. घट्टा तर कोणाले नसते? उलट कातडी मजबूत झाली म्हणून बरंच वाटलं. तुम्ही कोणी वाचत असाल अन् तुमच्या घरी शुगरवालं माणूस असंल, तर एवढं ध्यानात ठेवा बाप्पा: न दुखणारा घट्टा चांगला नसते. खालचं काही दिसत नाही.

आणखी एक हंगाम गेला. परत तोच भाव, परत कापूस उन्हाळ्यापर्यंत घरात. चांगल्या वर्षी चार महिने अनवाणी राह्यली असती ती मी आठ महिने राह्यली. बाजार पडला त्याचा हिशोब लोकं वावरात करतात. माझा माझ्या पायात झाला.

*

पुढच्या तपासणीले नागपूरले गेली. डॉक्टरबाईनं आधी पाय पाहिलाच नाही. चप्पल उचलली, उलटी केली, आत बोटं फिरवली. म्हणाल्या, "काकू, ही तर कोरी आहे."

मी खुशीनं म्हटलं, "जपून वापरली, बाई."

त्यांनी चप्पल खाली ठेवली. मग माझा उजवा पाय मांडीवर घेतला अन् घट्टा सोलायले सुरवात केली. पातळ पातळ पापुद्रे निघत गेले अन् एकदम आतून पिवळं पाणी आलं, मग लाल. जिथं पडद्यावर लाल होतं, बरोब्बर तिथं. सुई आत घातली तर हाडाले लागली. खट् असा बारीक आवाज मी ऐकला. लागलं काही नाही.

डॉक्टरबाई रागावल्या. मोठ्यानं नाही, पण रागावल्या. "मी सांगितलं होतं न, घरातसुद्धा? तुम्ही दिवसभर चालता कुठं? बाजारात की घरात?"

मी म्हटलं, "घरात कापूस असते." त्यांले समजलं नाही. ज्योतीनं समजावून सांगितलं. डॉक्टरबाईनं जखमेवर पट्टी बांधली. म्हणाल्या, "पाऊल वाचेल का ते दोन दिवसांत कळेल. सांगता येत नाही."

बाहेर व्हरांड्यात ज्योतीचे बाबा माझ्यावर फुटले. कधी न बोलणारा माणूस. "तुले एक चप्पल घालता येत नव्हती? एवढं काय जड होतं त्यात?"

मीही भडकली. "अन् घरात कापूस कोणं भरून ठेवला? विकून टाका न तो!"

"कोणाले विकू? सांग, कोणाले विकू?"

लोकं पाहून राह्यले होते. ते भिंतीले टेकून खाली बसले अन् लेकरासारखे रडले. मी व्हीलचेअरवर बसून पाहत होती. उठून त्यांच्यापाशी जावंसं वाटलं, पण पाय खाली टेकवायची मनाई होती. तो दिवस मी कधी विसरू शकत नाही. त्या दोन दिवसांत मले भ्याव काय असते ते कळलं. पहिल्या वेळेस कळलंच नव्हतं, सगळं धडाधड होऊन गेलं. यावेळेस माहीत होतं की काय काय जाते.

*

दुसऱ्या दिवशी बुढी आली. जन्मात नागपूर न पाहिलेली, एका गाववाल्याच्या भरोशावर यष्टीनं आली, अनवाणी. खाटेपाशी उभी राह्यली अन् माझ्या उजव्या पायाची टाच हातात धरली.

"लागते?"

"नाही, आत्याबाई."

तिनं नखानं चिमटा काढला. तिचं तोंड वाकडं झालं इतक्या जोरानं काढला.

"आता?"

"नाही."

परत काढला, दुसरीकडे. नखाच्या खुणा उमटल्या. मी तिच्याकडे पाहत होती अन् ती पायाकडे. मग तिनं पाय सोडला अन् पदर तोंडात घेतला.

"मले वाटे, तुले कमी लागते. काहीच लागत नाही, हे मले कोणी सांगितलं नाही वं."

सांगितलं होतं. दहादा सांगितलं होतं. पण ते खरं वाटासारखं नव्हतंच. तिचे पाय सत्तर वर्षं उन्हात, काट्यात, चिखलात अनवाणी हिंडले होते अन् त्यांनी तिले दरवेळी वेळेवर सांगितलं होतं. पाय मुके होतात, हे तिनं कसं मानावं?

जातांनी म्हणाली, "चप्पल घरात घालत जाय. कापसापाशीही घालत जाय. लक्ष्मी रुसली तर माह्यावर रुसंन, तुह्यावर नाही. मी मेली अन् दारात पडून असली तरी काढू नको. ऐकलं का?"

"असं काय बोलता?"

"ऐकलं का?"

"हो," मी म्हटलं. याच्याआधी डॉक्टरबाईलेही मी असंच 'हो' म्हटलं होतं.

अंगठा गेला, त्याच्यामागचं हाड गेलं. पाऊल राह्यलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, नशीब. मी त्याले नशीब म्हणू का काय म्हणू ते अजून ठरलं नाही. परत पट्टीवरून चालली, परत रंग पाहिले, लाल आता दुसऱ्या बोटाखाली सरकलं होतं. परत नवीन मापाची चप्पल.

*

घरी आली तेव्हा बुढी उंबऱ्यात बसून होती. माझा हात पट्ट्याकडे गेला तसा तिनं त्याच्यावर फटका मारला. मी चप्पल घालून आत पाय ठेवला. कापूस होता. बुढीनं कापसाकडे पाठ केली अन् मी मोरीपर्यंत जाऊन येईपर्यंत तशीच उभी राह्यली. तिले ते पाहवत नव्हतं. पाहवत नव्हतं तरी तिनं थांबवलं नाही, अन् त्या दिवसानंतर मी चप्पल विसरली की तीच खेकसे.

दसऱ्याले तिनं विळा, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास पुजेले मांडली अन् त्याच रांगेत माझी चप्पल धुऊन ठेवली. हळद-कुंकू लावलं. शेजारणी हसल्या. ती म्हणाली, "हसा. माही सून याच्यावर चालते."

मागल्या हिवाळ्यात ती गेली. तापाचं निमित्त झालं, झोपेतच गेली. तिले बैठकीत ठेवलं. मागं कापूस होता, त्याच्यावर चादर टाकली. गाव जमा झालं. दाराबाहेर चपलांचा ढीग पडला अन् आत सगळे अनवाणी.

मी रांगेत पाया पडायले उभी राह्यली. फुलसावंगीच्या नणंदेनं माझ्या पायाकडे पाहिलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "वहिनी, आता तरी काढा न. आई आहे ती. मयतापुढे तरी."

सगळ्या बाया पाहून राह्यल्या होत्या. ज्योतीचे बाबाही. दोन पावलांचं तर अंतर होतं. दोन पावलांनी काय होते, असं मलेही वाटलं. हात पट्ट्यावर गेलाही. मग मले तो फटका आठवला.

मी म्हटलं, "तिनंच सांगितलं आहे, बाई," अन् चप्पल घालूनच पुढं गेली. कोणीतरी मागं "शिव शिव" म्हटलं. म्हणा, बाप्पा.

मी खाली वाकली अन् दोन्ही हातांनी तिचे पाय धरले. थंड होते. टाचांले भेगा, कडा फाटलेल्या, नखं काळी. मी एकेक बोट हातानं चाचपलं. दहाची दहा होती.

तिथंच मले रडू फुटलं.